फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीला चालणारा लॅपटॉप: घेण्याआधी काय तपासायचं, घेतल्यावर अडलं तर काय करायचं

फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या विंडोजऐवजी लॅपटॉपवर टाकता येणाऱ्या, युनिक्स घराण्याच्या बीएसडी शाखेतल्या मोफत सिस्टम. त्या टाकणाऱ्यांची तक्रार जवळपास नेहमी एकाच साच्यातली असते. अमुक मॉडेलवर फ्रीबीएसडी छान चालतं असं कुठल्यातरी यादीत वाचलं, तेच मॉडेल घेतलं, आणि इन्स्टॉल झाल्यावर वायफायचा पत्ताच नाही. किंवा झाकण लावून परत उघडलं तर स्क्रीन काळी ती काळीच. यादी खोटी नसते. ज्याने ती लिहिली त्याच्या यंत्रात इंटेलचं वायफाय कार्ड होतं, तुमच्या यंत्रात दुसऱ्याच कंपनीचं निघालं, एवढंच. डेल लॅटिट्यूड ७४९० घ्या: काही नगांत इंटेल ८२६५ मिळतं, काहींत क्वालकॉमचं क्यूसीए६१७४. बाहेरचं स्टिकर तेच, खोकं तेच. इंटेलवालं यंत्र पाच मिनिटांत नेटवर येतं. क्वालकॉमवाल्याला फ्रीबीएसडीतही भरवशाचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) नाही आणि ओपनबीएसडीतही नाही.

म्हणून मॉडेलच्या नावावर निर्णय घेऊ नका, आत कोणत्या चिपा आहेत त्या बघा. प्रत्येक चिपला निर्मात्याचा आणि उपकरणाचा असे दोन क्रमांक असतात आणि ड्रायव्हर त्यांच्यावरूनच जुळतो. हे क्रमांक पैसे देण्याआधी, दुकानातच वाचता येतात.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीत, आणि वेगळं सांगितलं नसेल तर लहान अक्षरांत.

दुकानात, विंडोज चालू असताना

डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समधल्या वायफायच्या नोंदीवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे व्हीईएन पुढे चार अक्षरं आणि डीईव्ही पुढे चार अक्षरं दिसतात. व्हीईएन ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १६८सी अथेरॉस-क्वालकॉम, १४ई४ ब्रॉडकॉम. एएक्स२०० चा क्रमांक ८०८६:२७२३, एएक्स२१० चा ८०८६:२७२५. रिअलटेक ८८२२सीई म्हणजे १०ईसी:सी८२२, मीडियाटेक ७९२१ म्हणजे १४सी३:७९६१. वायफाय, डिस्प्ले अडॅप्टर आणि साउंड या तिन्हींचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. घरी येऊन शांतपणे शोधता येतं.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /ए चालवा. ही सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी. उपलब्ध झोप-अवस्थांमध्ये «स्टँडबाय (एस३)», म्हणजे मेमरी सोडून जवळपास सगळं बंद होणारी झोप, दिसलं तर झोपेचा प्रश्न बहुतेक सुटेल. तिथे फक्त «एस० लो पॉवर आयडल» (आधुनिक स्टँडबाय, ज्यात यंत्र पूर्ण न थांबता मंद चालू राहतं) असेल आणि एस३ अनुपलब्ध अवस्थांच्या यादीत असेल, तर त्याखालचं कारण नीट वाचा. फर्मवेअर (यंत्रात आधीच बसवलेलं सॉफ्टवेअर) ही अवस्था पुरवत नाही असं लिहिलेलं असेल, तर बायॉसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) स्लीप स्टेट बदलायची सोय आहे का ते पाहावं लागेल. ती सोय नसेल तर तो लॅपटॉप फ्रीबीएसडीवर झाकण लावून झोपणार नाही असंच धरून चाला.

जुनं यंत्र असेल तर पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट हेही चालवा. मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी येतात.

शेवटी यंत्र बंद करून बायॉसमध्ये शिरा, एखादी किरकोळ सेटिंग बदला आणि सेव्ह करून पाहा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारी रिफर्बिश्ड यंत्रं बहुतेक कंपन्यांच्या ऑफिसांतून आलेली असतात आणि काहींवर बायॉसचा सुपरवायझर पासवर्ड तसाच राहिलेला असतो. तो असेल तर सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टम सुरू होऊ देणारी सोय) बंद करता येत नाही आणि ती चालू असेपर्यंत पेन ड्राइव्हवरून बीएसडी सुरू होत नाही. विक्रेता नंतर काढून देतो म्हणाला तरी आधी काढायला लावा, मग पैसे द्या.

पेन ड्राइव्हवरची चाचणी

विक्रेता परवानगी देत असेल तर ही करायलाच हवी. आधी बायॉसमध्ये सिक्युअर बूट आणि फास्ट बूट बंद करा. फ्रीबीएसडीसाठी सोपा मार्ग म्हणजे फ्रीबीएसडीवरच बेतलेल्या घोस्टबीएसडी किंवा नोमॅडबीएसडीची लाइव्ह इमेज (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारी), कारण दोन्हींत डेस्कटॉप तयार मिळतो. नुसती फ्रीबीएसडीची मेमस्टिक (पेन ड्राइव्हवरच्या इन्स्टॉलरची) इमेजही पुरते, पण तिच्यात ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसतो. ओपनबीएसडीसाठी घरीच ते एका पेन ड्राइव्हवर पूर्ण इन्स्टॉल करा, सगळं फर्मवेअर उतरवून घ्या आणि तो पेन ड्राइव्ह सोबत न्या. तो कुठल्याही ६४ बिट इंटेल-एएमडी यंत्रावर सुरू होतो. विंडोजवर रूफसने इमेज लिहीत असाल आणि त्याने विचारलं, तर डीडी पद्धत निवडा.

सुरू झाल्यावर फ्रीबीएसडीत पीसीआयकॉन्फ -एलव्ही चालवा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ड्रायव्हरचं नाव असतं. ओळ «नन१@पीसीआय०:२:०:०» अशी सुरू होत असेल तर त्या चिपला कुणीच ड्रायव्हर लागलेला नाही. त्याच ओळीत क्लास ०एक्स०२८००० असेल तर ते तुमचं वायफाय. ०एक्स०३०००० म्हणजे ग्राफिक्स, ०एक्स०१०८०२ म्हणजे एनव्हीएमई एसएसडी. ग्राफिक्सची चिप ड्रायव्हर लोड होण्याआधी व्हीजीएपीसीआय नावाने दिसते, ते ठीक आहे.

ओपनबीएसडीत डीमेसेजच्या (डीएमईएसजी, बूट होतानाचे संदेश दाखवणारी आज्ञा) निकालात «नॉट कन्फिगर्ड» हे शब्द ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने शोधा. दोन्हीकडे अशा काही ओळी येणारच. तापमान नियंत्रण, इंटेलचं व्यवस्थापन इंजिन, एसपीआय वगैरेंना ड्रायव्हर नसला तरी काही अडत नाही. त्या पाहून यंत्र नाकारू नका. वायफाय, साठवण, ध्वनी आणि टचपॅड ज्या आयटूसी या आतल्या जोडणीवर असतो तिचा नियंत्रक यांच्यावर लक्ष ठेवा.

वायफाय दिसत नाही, किंवा दिसतं पण जोडलं जात नाही

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि कारणं चार-पाच वेगवेगळी असतात. क्रमाने जा.

पहिलं कारण फर्मवेअर. ड्रायव्हर सिस्टममध्ये असतो, पण चिपमध्ये भरायची फाइल स्वतंत्र असते आणि परवान्याच्या कारणाने ती इन्स्टॉलरमध्ये नसू शकते. ती आणायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी तर वायफाय हवं. यातून सुटायला अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. फ्रीबीएसडीत केएलडीलोड इफ_यूआरएनडिस, मग डीएचक्लायंट यूई०. ओपनबीएसडीत इफकॉन्फिग यूआरएनडिस० ऑटोकॉन्फ. काहीच उमटलं नाही तर आधी केबल बदला. चार्जरबरोबरच्या कित्येक केबलींत डेटाच्या तारा नसतात. जोडणी झाली की फ्रीबीएसडीत (१४.० पासून) एफडब्ल्यूगेट आणि ओपनबीएसडीत एफडब्ल्यू_अपडेट चालवा. दोन्ही स्वतःच यंत्र तपासून लागणारं फर्मवेअर उतरवतात. मग रीबूट.

दुसरं कारण, चिपला ड्रायव्हर अपुरा आहे. इथे परिस्थिती कंपनीनुसार फार बदलते. इंटेलची ७२६० ते ८२६५ ही जुनी कार्डं फ्रीबीएसडीत आयडब्ल्यूएम या ड्रायव्हरवर चालतात. नवीन कार्डांसाठी आयडब्ल्यूएलवायफाय आहे, जो लिनक्सच्या ड्रायव्हरवरून घेतला आणि २०२२ मधल्या १३.१ पासून मिळतो. सुरुवातीची बरीच वर्षं तो जुन्या ८०२.११जीच्या वेगालाच अडकलेला होता. जून २०२५ मधल्या १४.३ मध्ये त्याला ११एन आणि ११एसी ही वायफायची नंतरची, वेगवान मानकं मिळाली. त्यामुळे «वायफाय चालतं पण रखडतं» ही तक्रार असेल तर आधी आवृत्ती पाहा, १४.२ किंवा त्याआधीची असेल तर अपग्रेड हाच उपाय. ओपनबीएसडीत एएक्स२००, २०१, २१०, २११ या सगळ्यांना आयडब्ल्यूएक्स हा ड्रायव्हर आहे आणि तो ११एसीच्या वेगाने चालतो. नुसतं वायफाय हाच निकष असेल तर ओपनबीएसडी वर्षानुवर्षं पुढे राहिलेलं आहे.

रिअलटेक ८८२२सीई आणि ८८२१सीई स्वस्त लॅपटॉपांत फार सापडतात. फ्रीबीएसडीत त्यांना आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हर आहे, पण ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी असलेल्या यंत्रावर तो सुरू होताना अडखळतो. /बूट/लोडर.कॉन्फमध्ये कॉम्पॅट.लिनक्सकेपीआय.एसकेबी.मेम_लिमिट=१ ही ओळ टाकून रीबूट करा. वेग मात्र बेताचाच धरा. ओपनबीएसडीत या चिपांना ड्रायव्हर नाही. मीडियाटेक असेल तर कार्ड बदलायच्या तयारीनेच यंत्र घ्या.

कधी कधी एकाच इंटेल कार्डावर आयडब्ल्यूएम आणि आयडब्ल्यूएलवायफाय दोन्ही हक्क सांगतात आणि नको तो जिंकतो. जो नको आहे त्याचं नाव /ईटीसी/आरसी.कॉन्फमध्ये डेव्हमॅच_ब्लॉकलिस्ट="इफ_आयडब्ल्यूएलवायफाय" असं द्या.

तिसरं कारण मांडणीतलं. फ्रीबीएसडीत प्रत्यक्ष कार्डावर एक कृत्रिम इंटरफेस तयार करावा लागतो आणि नवखे नेमके इथेच चुकतात. /ईटीसी/आरसी.कॉन्फमध्ये या ओळी हव्यात:

डब्ल्यूलॅन्स_आयडब्ल्यूएलवायफाय०="डब्ल्यूलॅन०"
इफकॉन्फिग_डब्ल्यूलॅन०="डब्ल्यूपीए सिंकडीएचसीपी"
क्रिएट_आर्ग्ज_डब्ल्यूलॅन०="कंट्री आयएन"

डब्ल्यूपीए, सिंकडीएचसीपी आणि आयएन ही मोठ्या अक्षरांत. तिसरी ओळ बहुतेक जण टाकत नाहीत. देश दिला नाही तर सिस्टम अमेरिकेचे नियम धरते, आणि तिथे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ११ पर्यंतच चॅनल आहेत. आपला राउटर आपोआप १२ किंवा १३ वर गेला की घरातल्या सगळ्या फोनांना नेटवर्क दिसतं, फक्त लॅपटॉपला नाही. राउटरचा चॅनल १, ६ किंवा ११ वर कायम करूनही हे सुटतं. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवलेला असेल तर तो डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र पद्धतीवर आणा.

एवढं करूनही जमत नसेल तर कार्ड बदला. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढची कित्येक वर्षं निश्चिंत राहता येतं. एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या, आकार एम.२ २२३०, खाच ई किंवा ए+ई. एएक्स२०१ आणि एएक्स२११ घेऊ नका. ती दिसायला हुबेहूब तशीच असतात, पण त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या किंवा जुन्या इंटेलच्या बोर्डावर ती मुळीच चालत नाहीत. अँटेनाच्या दोन तारांचे जोड अगदी बारीक असतात. सरळ वरून अंगठ्याने दाबा, तिरके घुसवू नका, टोक वाकलं की तार गेली. थिंकपॅड उघडण्याआधी बायॉसमधून आतली बॅटरी बंद करण्याची सोय वापरा.

दोन ठिकाणी हा उपाय लागू पडत नाही. पातळ लॅपटॉपांत कार्ड बोर्डावर झाळलेलं असतं. आणि एक्स२३०, टी४३० अशा २०१२ च्या सुमाराच्या थिंकपॅडांच्या बायॉसमध्ये मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की सुरू होतानाच १८०२ हा एरर देऊन यंत्र थांबतं. अशा वेळी यूएसबी डोंगल वापरा. टीपी-लिंक डब्ल्यूएन७२५एन सारखं रिअलटेक ८१८८ईयू चिपचं छोटं डोंगल दोन्ही सिस्टमवर चालतं, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर. डोंगल घेतानाही तेच पथ्य: एकाच नावाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत चिप बदललेली असते, म्हणून पाकिटावरचा आवृत्ती क्रमांक बघूनच घ्या.

फ्रीबीएसडीत आणखी एक वाट आहे, वायफायबॉक्स. यात बीहाइव्हवर (फ्रीबीएसडीची आभासी यंत्रं चालवण्याची सोय) एक चिमुकलं लिनक्स चालवून कार्ड त्याच्या हवाली करतात आणि नेट त्याच्यामार्फत घेतात. प्रोसेसरमध्ये व्हीटी-डी (कार्ड थेट आभासी यंत्राला देण्याची सोय) लागतं आणि ते बायॉसमध्ये चालू असावं लागतं. ड्रायव्हरच नसलेल्या झाळलेल्या कार्डासाठी हा खरोखर चांगला उपाय आहे.

ग्राफिक्स: स्क्रीन काळी, किंवा अपग्रेडनंतर डेस्कटॉप गेला

दोन्ही सिस्टम इंटेल-एएमडीचे ग्राफिक्स ड्रायव्हर लिनक्सवरून घेतात, त्यामुळे हिशोब सोपा आहे: तुमची चिप लिनक्सच्या कोणत्या कर्नलमध्ये (सिस्टमच्या गाभ्याच्या कोणत्या आवृत्तीत) आली आणि तुमच्या सिस्टमचा ड्रायव्हर कोणत्या कर्नलवर बेतलेला आहे, हे दोन आकडे ताडून पाहा. फ्रीबीएसडीत पॅकेजच्या नावातच आकडा असतो: डीआरएम-५१५ म्हणजे लिनक्स ५.१५, डीआरएम-६१ म्हणजे ६.१. ओपनबीएसडी ७.६ चा ड्रायव्हर ६.६ वर आणि ७.७ चा ६.१२ वर आहे. इंटेलच्या पहिल्या कोअर अल्ट्रा पिढीला लिनक्समध्ये पक्का आधार ६.७ मध्ये मिळाला, म्हणजे ६.१ च्या ड्रायव्हरवर ती चिप चालणार नाही हे घेण्याआधीच कळतं.

फ्रीबीएसडीत पॅकेज टाकल्यावर त्यातलं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हर) आरसी.कॉन्फमध्ये केएलडी_लिस्ट="आय९१५केएमएस" (एएमडीसाठी एएमडीजीपीयू) असं द्या आणि आपलं खातं व्हिडिओ गटात घाला. हे मॉड्यूल लोडर.कॉन्फमध्ये टाकू नका. तिथे ते फार लवकर लोड होतं आणि यंत्र बूट होतानाच अडकतं. अडकलंच तर बूट मेन्यूत २ दाबून सिंगल युजरमध्ये जा, माउंट -यू / करून ती ओळ काढा. झेडएफएस ही फाइल सिस्टम असेल तर त्याच मेन्यूतून जुनं बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टमची आधी ठेवलेली प्रत) निवडणं जास्त सोपं, म्हणून प्रत्येक अपग्रेडआधी बीईसीटीएल क्रिएट करून एक प्रत ठेवा.

अपग्रेडनंतर डेस्कटॉप गेला आणि डीमेसेजमध्ये «व्हर्जन मिसमॅच» दिसलं, तर मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी बांधलेलं आहे. पीकेजी अपग्रेड -एफ पुढे तुमच्या डीआरएम पॅकेजचं नाव देऊन ते पुन्हा टाका. कर्नल मॉड्यूल्ससाठी आता वेगळं पॅकेज भांडार आहे. तुमच्या /ईटीसी/पीकेजी मध्ये ते चालू आहे ना ते पाहा, मग हा त्रास पुन्हा उद्भवणार नाही.

एनव्हीडियाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. ओपनबीएसडीत त्याला ड्रायव्हर नाही. फ्रीबीएसडीत एनव्हीडियाचा स्वतःचा आहे, पण लॅपटॉपात इंटेल आणि एनव्हीडिया अशी जोडी असली की गुंता होतो. अनेक यंत्रांत एचडीएमआयचा पोर्ट थेट एनव्हीडियाला जोडलेला असतो, त्यामुळे एनव्हीडिया बंद ठेवून काम भागवलं तरी प्रोजेक्टर लावायच्या वेळी पडदा काळाच राहतो. बीएसडीसाठी घेत असाल तर स्वतंत्र ग्राफिक्स नसलेलंच यंत्र घ्या.

झोप: झाकण उघडल्यावर यंत्र परत येत नाही

आधी सिसकंट्रोल (एसवायएससीटीएल) एचडब्ल्यू.एसीपीआय.सपोर्टेड_स्लीप_स्टेट पाहा. उत्तरात एस३ नसेल तर पुढचे प्रयत्न व्यर्थ आहेत. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बहुतेक उत्पादकांनी एस३ काढून आधुनिक स्टँडबाय आणलं. काही थिंकपॅडांच्या बायॉसमध्ये कॉन्फिग, पॉवर, स्लीप स्टेट इथे «लिनक्स» असा पर्याय असतो. तो निवडला की एस३ परत मिळतं. एक्स१ कार्बनच्या सहाव्या पिढीला आणि टी१४ च्या पहिल्या पिढीला ही सोय आहे. पर्याय दिसत नसेल तर बायॉस अद्ययावत करून पुन्हा बघा, कारण एक्स१ कार्बनला तो नंतरच्या फर्मवेअरमध्येच मिळाला.

एस३ असूनही यंत्र जागं होत नसेल तर दोषी शोधायचा क्रम असा. डेस्कटॉप सुरू न करता नुसत्या कन्सोलवर आय९१५केएमएस लोड करा आणि एसीपीआयकॉन्फ -एस ३ द्या. ग्राफिक्स मॉड्यूल लोड न करता केलेली चाचणी फसवी असते: यंत्र जागं होतं, पण पडद्याला पुन्हा चालू करणारं कुणीच नसतं. काळ्या पडद्यावर कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो का पाहा. लागत असेल तर यंत्र जागं आहे आणि अडचण फक्त ग्राफिक्सची आहे. दिवा लागत नसेल तर बायॉसमधून ब्लूटूथ, कार्ड रीडर, मोबाइल मोडेम आणि सिक्युरिटी चिप एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी पुन्हा झोपवून पाहा. सिक्युरिटी चिप, म्हणजे टीपीएम, जुन्या थिंकपॅडांवर हमखास संशयित. ती बंद करण्याऐवजी टीपीएम मॉड्यूल लोड करूनही बऱ्याचदा भागतं. डीबग.एसीपीआय.सस्पेंड_बाउन्स=१ केलं की यंत्र प्रत्यक्ष न झोपता सगळे ड्रायव्हर झोपण्या-उठण्याच्या पायऱ्यांतून जातात. इथेच अडकलं तर दोष ड्रायव्हरचा, इथे सुटून प्रत्यक्ष झोपेत अडकलं तर फर्मवेअरकडे बघा.

सगळं जमलं की एचडब्ल्यू.एसीपीआय.लिड_स्विच_स्टेट=एस३ हे सिसकंट्रोल.कॉन्फमध्ये टाका. ओपनबीएसडीत आरसीसीटीएल इनेबल एपीएमडी, फ्लॅग -ए (मोठं अक्षर), आणि झोपवायला झेडझेडझेड. आधुनिक स्टँडबायच्या काही यंत्रांनाही ओपनबीएसडी झोपवू शकतं, पण झोपेत बॅटरी उतरत राहते.

बाकीच्या अडचणी

एसएसडीच दिसत नाही: बायॉसमध्ये साठवणीची पद्धत आरएसटी, रेड किंवा व्हीएमडीवर असते, ती साध्या एएचसीआय पद्धतीवर आणा. काही एसर यंत्रांत हा पर्याय लपवलेला असतो. मेन टॅबवर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर दिसतो. विंडोज ठेवायचं असेल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) की लिहून घ्या, नाहीतर या बदलानंतर ते उघडणार नाही.

टचपॅड मेलेलं आहे: अलीकडचे टचपॅड आयटूसीवर असतात. फ्रीबीएसडी १३.० पासून ड्रायव्हर आतच आहे, फक्त लोडर.कॉन्फमध्ये आयजी४_लोड आणि आयआयसीहिड_लोड या दोन्ही ओळी "येस" (मोठ्या अक्षरांत) करा. पहिली नियंत्रकासाठी, दुसरी टचपॅडसाठी. एकच टाकून चालत नाही. ओपनबीएसडीत बहुधा काही करावं लागत नाही. टॅप करून क्लिक हवं असेल तर डब्ल्यूएसकॉन्सकंट्रोलमध्ये (डब्ल्यूएससीओएनएससीटीएल) माउस.टीपी.टॅपिंग=१.

आवाज नाही: बऱ्याचदा आवाज चालू असतो, पण एचडीएमआयकडे जात असतो. कॅट /डेव्ह/एसएनडीस्टॅट पाहा, स्पीकरचा क्रमांक शोधा आणि एचडब्ल्यू.एसएनडी.डीफॉल्ट_युनिट त्यावर ठेवा. ओपनबीएसडीत माइकमधून शांतता येत असेल तर ते मुद्दाम केलेलं आहे: कर्न.ऑडिओ.रेकॉर्ड=१ करा, कॅमेऱ्यासाठी कर्न.व्हिडिओ.रेकॉर्ड=१. फ्रीबीएसडीत कॅमेऱ्याला वेबकॅमडी आणि क्यूज (सीयूएसई) मॉड्यूल लागतं. यूएसबीवरचे साधे कॅमेरे दोन्हीकडे चालतात, नव्या महाग लॅपटॉपांतले एमआयपीआय कॅमेरे (यूएसबीऐवजी थेट प्रोसेसरला जोडलेले) चालत नाहीत.

ब्लूटूथ हेडफोन हवाच असेल तर ओपनबीएसडी घेऊ नका, त्यातून ब्लूटूथ २०१४ मध्येच काढून टाकलं. यूएसबीत लावायचं आणि स्वतःला साउंड कार्ड म्हणवणारं ब्लूटूथ ऑडिओ डोंगल मात्र दोन्हीकडे चालतं.

मग घ्यायचं काय

आज बीएसडीसाठी पहिला लॅपटॉप घेणाऱ्याला आठव्या पिढीच्या इंटेलचं ऑफिसवर्गातलं जुनं यंत्र सुचवू: थिंकपॅड टी४८०, एचपी एलिटबुक ८४० जी५, किंवा डेल लॅटिट्यूड ७४९०, अर्थात वायफाय इंटेलचं आहे याची खात्री करून. यांच्यात एस३ आहे, ग्राफिक्स सगळ्या ड्रायव्हरांना ओळखीचं आहे, आणि मेमरी, एसएसडी, वायफाय कार्ड सगळं बदलता येतं. टी४८० घेताना दोन गोष्टी बघा: काही नगांत एनव्हीडिया एमएक्स१५० असतं, ते टाळा, आणि थंडरबोल्टचं फर्मवेअर विंडोज पुसण्याआधीच अद्ययावत करून घ्या, कारण जुन्या फर्मवेअरमधल्या दोषाने तो पोर्ट निकामी होतो. नवीनच हवं असेल तर बारा-अठरा महिन्यांपूर्वी बाजारात आलेलं घ्या, कालचं नको. २०२४ मध्ये फ्रीबीएसडी फाउंडेशनने क्वांटम लीप रिसर्चबरोबर लॅपटॉपांसाठी ७,५०,००० डॉलरचा प्रकल्प जाहीर केला, आणि वायफाय, झोप, ध्वनी या तिन्हींवर काम जोरात चालू आहे. तरी आधुनिक स्टँडबाय उद्या चालेल या भरवशावर आज पैसे घालू नका.

यंत्र मार्गी लागलं किंवा नाही लागलं, दोन्ही वेळा माहिती पुढे पाठवा. फ्रीबीएसडीत पीकेजी इन्स्टॉल एचडब्ल्यू-प्रोब, मग रूट (प्रशासक) म्हणून एचडब्ल्यू-प्रोब -ऑल -अपलोड, बीएसडी-हार्डवेअर.इन्फोवर तुमच्या यंत्राचं पान तयार होतं आणि प्रत्येक चिपपुढे ड्रायव्हर लागला की नाही ते दिसतं. ओपनबीएसडीवाल्यांनी पूर्ण डीमेसेज प्रकल्पाच्या डीमेसेज पत्त्यावर मेल करावा. विषयात मॉडेलबरोबर वायफाय चिपचं नाव लिहा, आणि झोप चालते की नाही हे एका ओळीत सांगा. हे कोणत्याही आपोआप बनलेल्या अहवालात येत नाही.